क्वार्टझ्साइट : वाळवंटातलं चाकांवरचं गाव

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाची हद्द जेमतेम सतरा-अठरा मैलांवर आली असताना, आय-१० या महामार्गावर क्वार्टझ्साइट नावाचं गाव लागतं. २०२०च्या जनगणनेत इथली लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत भरली. एवढ्याशा गावाबद्दल लिहिण्यासारखं काय असणार, असं वाटेल. पण जानेवारीत या गावाजवळच्या टेकडीवर उभं राहून खाली पाहिलं, तर नजर पोहोचेल तिथवर वाळवंटात पांढऱ्या पेट्या पसरलेल्या दिसतात. जणू एखाद्या राक्षसाच्या पोरानं आगपेट्यांचा डाव मांडला आहे! या पेट्या म्हणजे मोटरहोम आणि ट्रेलर, म्हणजेच चाकांवरची घरं. कॅनडातून, मिनेसोटातून, मिशिगनमधून, जिथे घराच्या दारापुढचं बर्फ रोज सकाळी फावड्यानं ओढावं लागतं अशा सगळ्या मुलखांतून, निवृत्त माणसं आपापली घरं चालवत इथल्या उन्हात येऊन थांबतात. त्यांना इथे ‘स्नोबर्ड’ म्हणजे हिमपक्षी म्हणतात. आपल्याकडे भिगवणला रोहित येतात, तसंच काहीसं!

गावाभोवतीची बरीचशी जमीन केंद्र सरकारची आहे. दक्षिणेला ‘ला पोसा’ नावाचा भला मोठा पट्टा आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहण्याचा परवाना मिळतो. अनेक वर्षं तो पूर्ण हंगामासाठी १८० डॉलर होता. त्यात पिण्याचं पाणी, कचऱ्याची सोय आणि मैला रिकामा करण्याची जागा मिळते. वीज मात्र नाही. ज्यांना तेवढाही खर्च नको, त्यांच्यासाठी गावाभोवती अशाही जागा आहेत, जिथे चौदा दिवस फुकट राहता येतं. मग मात्र मुक्काम हलवायचा. जानेवारीत इथे मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं, दगड-खनिजांचा बाजार भरतो (तो तर १९६७पासून भरतो आहे) आणि जुन्या वस्तूंच्या पालांमधून तुटक्या कुलपापासून डायनोसॉरच्या हाडापर्यंत काय वाटेल ते विकायला येतं. ‘नोमॅडलँड’ हा २०२०चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा परिसर ओळखीचा वाटेल. त्याचं काही चित्रीकरण इथलंच.

मी मात्र तिथे गेले ती मार्चच्या शेवटी, जत्रा पांगल्यावर. फिनिक्सला माझी मावशी आणि काका गेली तीस-पस्तीस वर्षं राहतात. काका विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनीअर होते, आता निवृत्त आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी १९९६ सालचं एक वापरलेलं मोटरहोम घेतलं. बत्तीस फूट लांब, आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागे पलंग आणि ड्रायव्हरच्या खुर्चीसमोर आपल्या एस.टी.सारखी आडवी मोठी काच. मावशीनं त्यात देवघरही बसवलं आहे. गाडी वळताना गणपती घसरू नये म्हणून त्याच्या पाटाखाली रबराची जाळी आहे! हिवाळ्यात दोघं महिना-दीड महिना यात काढतात.

फिनिक्सहून पश्चिमेला निघालं की साधारण दोनशे किलोमीटरवर क्वार्टझ्साइट. रस्ता सरळसोट. बकाय मागे पडलं की दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग सुरू होतात. मधे टोनोपाहजवळ डाव्या हाताला लांबवर पालो व्हर्देच्या अणुवीज केंद्राची वाफ दिसते. या महामार्गावरच्या फाट्यांचे नंबर कॅलिफोर्नियाच्या हद्दीपासूनच्या मैलांवर ठरलेले आहेत. म्हणजे फाटा क्रमांक १७ म्हणजे हद्दीपासून सतरा मैल. रस्ता विचारायची गरज नाही, वजाबाकी येत असली की पुरे.

गावात पाहण्यासारखी ‘स्थळं’ म्हणावीत अशी फार नाहीत. पण दफनभूमीतला एक दगडी पिरॅमिड चुकवू नये. त्याच्या टोकावर तांब्याचा उंट आहे. १८५६ साली अमेरिकी लष्करानं या वाळवंटात सामान वाहण्यासाठी उंट आणून पाहिले आणि त्यांच्याबरोबर उस्मानी साम्राज्यातले काही उंटवालेही आणले. त्यांतला हाजी अली पुढे इथेच राहिला. गोऱ्या शिपायांच्या तोंडी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ झालं आणि तेच टिकलं. उंटांचा प्रयोग फसला, यादवी युद्धात सगळे त्याला विसरले. हाजी अली मात्र १९०२मध्ये इथेच वारला आणि १९३५ साली राज्याच्या महामार्ग खात्यानं त्याचं हे स्मारक उभारलं. सरकारी खात्यानं उंटवाल्याची समाधी बांधल्याचं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

हे सगळं आम्ही पाहिलं ते मधल्या वेळात. कारण मुळात आम्ही इथे आलो होतो ते काकांच्या गाडीचे एसी दाखवायला.

टपावरचं बिऱ्हाड

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मोटरहोममध्ये एसी दोन जातींचे असतात. एक ड्रायव्हरसमोरच्या पॅनेलमधला. तो आपल्या मोटारीतल्यासारखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद की तो बंद. दुसरा टपावरचा. तो म्हणजे आपला खिडकीचा एसीच आडवा करून छपरावर ठेवलेला, असं समजा. कॉम्प्रेसर, जाळ्या, पंखा सगळं एकाच पेटीत. खाली छताला चौदा इंच बाय चौदा इंचाचं भोक असतं. कोणत्याही कंपनीचा घ्या, भोक तेच. हा एसी घरच्या विजेवर चालतो. म्हणून मुक्कामाच्या जागी खांबावरच्या प्लगमध्ये गाडीची जाड वायर लावायची, किंवा गाडीतलं जनरेटर सुरू करायचं. जनरेटर पेट्रोल पितो ते गाडीच्याच टाकीतून. पण त्याची नळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते. टाकी साधारण पाव भागावर आली की जनरेटर आपोआप बंद पडतो. उरलेलं पेट्रोल निदान गाडी पंपापर्यंत न्यायला राहतं. ही अक्कल ज्याला सुचली त्याला नमस्कार!

काकांच्या गाडीवर असे दोन एसी आहेत, एक पुढे बैठकीवर, एक मागे झोपायच्या खोलीवर. दोन्ही गाडीइतकेच जुने. त्या वसंतात दोन्ही एकदमच रुसले. पुढचा वारा देई, पण गार नाही. मागचा नुसता घुं घुं करून फ्यूज पाडी.

“एवढंच ना? मग उघड्या खिडक्यांनी जाऊ या,” मी म्हटलं. मावशी नागपूरची, धरमपेठेत वाढलेली. पंचेचाळीस अंशांची तिला नवलाई नाही. ती म्हणाली, “अगं, नागपुरात घराला भिंती असतात. दीड वीत जाडीच्या. इथे पत्रा आणि थर्माकोल. जूनमध्ये हे बंद ठेवून आत बसलीस तर तासाभरात भट्टी.”

ती उगाच भीती घालत नव्हती. २०२३च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर राहिला. त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे उष्म्यानं ६४५ माणसं दगावली. त्यांत रस्त्यावर राहणारे पुष्कळ होते. पण जे घरात गेले त्यांची हकीकत वाचून मन अस्वस्थ होतं. बहुतेक वयस्क, बरेच एकटे, आणि घरात एसी नव्हता असं नाही, तो होता, पण बंद पडलेला होता. चाकांवरच्या आणि पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांचं प्रमाण त्यांत त्यांच्या संख्येच्या मानानं फार मोठं. एसी म्हणजे चैन, हा आपला समज तिथे लागू पडत नाही. दाराबाहेर सावली नाही, पार नाही, शेजारची ओसरी नाही. यंत्र बंद पडलं की माणूस एकटा पडतो.

दुरुस्ती की नवा?

क्वार्टझ्साइटला मोटरहोमचे मेकॅनिक स्वतः गाडी घेऊन दारात येतात. आमच्याकडे आलेला गृहस्थ पासष्टीचा, स्वतःही ट्रेलरमध्येच राहणारा. खांद्यावर शिडी, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि खिशात स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा थर्मामीटर. काकांनी त्याला आल्या आल्या सांगून टाकलं, “दोन्ही बदलून टाक. वारंवार कटकट नको.” गिऱ्हाईक स्वतःहून दोन एसी घ्यायला तयार! आपल्याकडचा एखादा मिस्त्री म्हणाला असता, साहेब, तुमचं बरोबर आहे. हा म्हणाला, “आधी बघू तरी द्या.”

त्यानं थर्मामीटर आधी आत शिरणाऱ्या हवेत धरला, मग बाहेर येणाऱ्या. या दोहोंत सोळा ते बावीस फॅरनहाइटचा, म्हणजे नऊ ते बारा सेल्सियसचा फरक पडला की एसी धडधाकट. पुढच्याचा फरक निघाला चार. मग तो टपावर चढला, प्लॅस्टिकचं कवच काढलं आणि वायरीला चिमटा-मीटर लावला. कॉम्प्रेसर चालत होता, पण वीज फार कमी ओढत होता. म्हणजे त्याला ढकलायला गॅसच नाही. एका नळीच्या जोडावर तेलकट डाग होता. गॅस गळतो तेव्हा त्याच्याबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. हा डाग म्हणजे चोराच्या पावलांचे ठसे.

गॅस भरता येणार नाही का? घरच्या एसीत भरतात तसा? प्रश्न आमच्या तिघांच्याही ओठांवर होता. उत्तर असं, की टपावरच्या या पेट्या कारखान्यातच झाळून बंद केलेल्या असतात. गॅस भरायला त्यांना तोंडच नसतं. नळीला चिमटा-झडप बसवून भरता येतो, पण गळती शोधून बुजवली नाही तर तो पुन्हा जातो. शिवाय १९९६च्या यंत्रात आर-२२ हा जुना गॅस. ओझोनच्या थराला अपाय करतो म्हणून अमेरिकेत तो नव्यानं बनवणं आणि आयात करणं २०२०च्या सुरुवातीपासून बंद आहे. जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला आणि साठ्यातला तेवढा मिळतो. गॅसला हात लावायचा तर मेकॅनिककडे सरकारी दाखलाही लागतो. एवढी मेहनत सत्तावीस वर्षांहून जुन्या पेटीवर करण्यात अर्थ नाही, हे त्याचं म्हणणं काकांना पटलं. पुढचा बदलायचा.

मागच्या एसीचं प्रकरण निराळं निघालं. त्यानं आधी खांबावरची वीज बंद केली, वायर उपटून ठेवली आणि तरीही एका चांदीसारख्या डब्यापासून हात दूर ठेवला. तो कपॅसिटर. कॉम्प्रेसरला उठताना जो जोराचा धक्का लागतो, तो हा डबा देतो. वीज बंद केल्यावरही तो आत वीज धरून बसतो आणि चांगला दणका देऊ शकतो. यूट्यूबवर पाहून टपावर चढणाऱ्या हौशी मंडळींना त्यानं इथे चार शिव्या हासडल्या. डबा सावकाश रिकामा करून मोजला. पस्तीसच्या जागी वीसच भरला. वाळवंटातल्या उन्हात हे डबे असेच मरतात. नवा आणला, पंचवीस-एक डॉलरचा. दोन वायरी उपटल्या, दोन खोचल्या. काकांनी खाली बटण दाबलं आणि मागच्या खोलीतून असा काही गार झोत आला की मावशीनं शाल मागितली.

“मग हाही बदलायचा?” मेकॅनिकनं विचारलं. काका हसले. मावशी म्हणाली, “अहो, पैसे जास्त झालेत का? राहू दे की.”

मागचा राहिला.

नवा एसी दुसऱ्या दिवशी मिळणार होता. मधल्या संध्याकाळी काका आणि मेकॅनिक गाडीच्या सावलीत खुर्च्या टाकून कोणता घ्यायचा यावर बोलत बसले. साडेतेरा हजार बीटीयूचा की पंधरा हजारांचा. आपल्या हिशोबात बारा हजार म्हणजे एक टन. तेव्हा एक सव्वा टनाच्या किंचित खालचा, तर दुसरा बरोबर सव्वा टनाचा. मोठा घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण मोठा जास्त वीज ओढतो, आणि सगळ्या मुक्कामांवर सारखी वीज नसते. खांबावर ५० अँपिअरचा प्लग असेल तर दोन्ही एसी खुशाल चालवा. ३० अँपिअरचाच असेल तर एका वेळी एकच, तोही पाणी तापवणं आणि मायक्रोवेव्ह यांच्याशी भांडण न करता. शेवटी साडेतेरा हजाराचाच ठरला. आणखी एक मुद्दा मला नवा होता. भोक सगळ्यांचं सारखं असलं, तरी कंपनी बदलली की छताखालची पेटी, वायरींची जोडणी, भिंतीवरचं तापमानाचं बटण हे सगळं बदलावं लागतं. वर एका कंपनीचा आणि खाली दुसऱ्याची पेटी, असा संसार जमत नाही. स्वस्त म्हणून दुसऱ्याच कंपनीचा एसी उचलून आणणारे इथे फसतात. काकांनी त्याच कंपनीचा घेतला. छताखालची जुनी पेटी तिथेच राहिली.

जुना उतरवणं सोपं. छतातून चार लांब बोल्ट ढिले केले की पेटी सुटते. चाळीसेक किलोचं ओझं बारा फुटांवरून शिडीनं खाली आणायचं, यातच खरी कसरत. मेकॅनिकनं दोराचं गाठोडं घालून, शिडीच्या दांड्यांवरून घसरवत ते खाली सोडलं. काका खालून धरायला गेले, तेव्हा मावशीनं त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. “तुमचं ऑपरेशन झालंय, विसरलात?” शेवटी शेजारच्या ट्रेलरमधले दोन कॅनेडियन धावून आले.

पेटी निघाल्यावर खालचं भोक उघडं पडलं आणि त्याच्या एका कोपऱ्यातलं प्लायवूड काळं पडलेलं दिसलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. पेटी आणि छप्पर यांच्यामध्ये फोमची चौकोनी गादी असते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत ती दबून पापडासारखी झाली होती आणि कधीच्या तरी पावसानं आत वाट काढली होती. मला विचाराल तर या सगळ्या कामातलं महत्त्वाचं काम हे होतं, आणि ते बिलात सगळ्यात शेवटी, अर्ध्या ओळीत आलं. कुजका भाग कापून काढला, नवा लाकडाचा तुकडा बसवला, एक रात्र वाळू दिला. नवी गादी, तिच्यावर नवा एसी, आणि खालून चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे. गादी निम्मी दबली की थांबायचं. जास्त आवळलं तर ती चेपते, कमी आवळलं तर पाणी येतं. काकांना बाहेरून चारी बाजूंनी सीलंट फासायचं होतं. मेकॅनिकनं हात धरला. गादी कधी पाझरलीच तर पाणी बाहेर पडायला वाट हवी. सीलंटनं कोंडलेलं पाणी लाकूड कुजवतं आणि बाहेरून कळतही नाही.

यंत्र, मजुरी, लाकूड आणि कपॅसिटर धरून सतराशे डॉलरच्या आसपास गेले. दोन्ही बदलले असते तर दुप्पट. गाडीच आता बारा-तेरा हजारांना जाईल, तेव्हा हा खर्च थोडा नाही.

शेजारीण

त्या मुक्कामात आमच्या पलीकडे १९८०च्या दशकातलं एक छोटं मोटरहोम उभं होतं. त्यात एक बाई राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घर विकलेलं, हेच बिऱ्हाड. मावशीनं पहिल्याच दिवशी त्यांना चहा नेऊन दिला. आलं घातलेला चहा त्यांना इतका आवडला की दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच कप घेऊन आल्या.

मार्चअखेरीस इथे एकमेकांना विचारायचा प्रश्न एकच असतो. ‘वर कधी जाणार?’ वर म्हणजे डोंगरावर. क्वार्टझ्साइट समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरवर, तर फ्लॅगस्टाफ दोन हजार मीटरच्याही वर. ऊन वाढलं की ही मंडळी उंचीच्या मागं जातात. काहीजण जंगल खात्याच्या तळांवर यजमान म्हणून राहतात. तळाची देखरेख करायची, बदल्यात जागा फुकट. बाई म्हणाल्या, यंदा त्या वर जाणार नव्हत्या. टायर सात वर्षांचे झालेत, घाटात फुटले तर? सहा नवे घ्यायचे तर पैसे नाहीत. इथेच उन्हाळा काढीन म्हणाल्या. मग जरा थांबून, एसी चालतो म्हणाल्या, पण पूर्वीसारखा नाही.

मावशी परत आली ती थेट काकांपुढे उभी राहिली. “तुम्ही एवढं दोन दिवस त्याच्या मागं मागं हिंडलात ना शिकायला? जा आता.”

काका आणि मेकॅनिक संध्याकाळी तिथे गेले. मेकॅनिकनं पैसे घेतले नाहीत, उलट आपल्याकडचा पात्या सरळ करायचा कंगवा काकांच्या हाती दिला. आत शिरणाऱ्या हवेची जाळी कुत्र्याच्या केसांनी नमदा झाली होती. टपावर चढून कवच काढलं तर आत कुंभारीण माशीची मातीची घरटी, एकाला एक लागून. बाहेरच्या जाळीच्या पात्या गारांनी चेपलेल्या, आणि त्यांत कित्येक वर्षांची वाळवंटी धूळ. दोन तास घासणं, धुणं, विंचरणं चाललं होतं. (काकांनी आयुष्यात कुणाचे केस इतक्या मायेनं विंचरले नसतील, हे मावशीचं मत.) सुरुवातीला हवेतला फरक दहा फॅरनहाइट होता. शेवटी सतरा झाला. नवा एसी नाही, नवा कपॅसिटरही नाही. नुसती सफाई.

मेकॅनिक मात्र खूश दिसला नाही. परतताना तो काकांना म्हणाला की सतराचा फरक मार्चमध्ये पुष्कळ, पण जुलैमध्ये बाहेर ११५ असताना असलं जुनं यंत्र दिवसभर धापा टाकत राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथेही ‘मान्सून’ येतो. होय, ॲरिझोनातही तोच शब्द! पाऊस थोडा, पण धुळीची वादळं आणि विजांचा कडकडाट भरपूर, आणि वादळात वीज जाते. कोरड्या दिवसांत इथले काही लोक आपल्यासारखा वाळ्याचा नाही, पण पाण्याचा कूलर चालवतात. तो कमी विजेत भागतो, बॅटरीवरही चालतो. पण मान्सूनची दमट हवा आली की तो कामाचा राहत नाही. हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. निघण्याआधी मावशीनं बाईंना एक छोटा कूलर आणि खिडक्यांना लावायचा चकाकता कागद घेऊन दिला. गावातलं वाचनालय कुठे, कुणाकडे गाडी आहे, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे एका कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि तो कागद त्यांच्याच फ्रिजवर चिकटवला.

वाचकांपैकी कुणाला मुला-मुलीकडे अमेरिकेला गेल्यावर मोटरहोम भाड्यानं घेऊन ग्रँड कॅन्यन वगैरे करायचा बेत असेल, तर ताब्यात घेतानाच टपावरचा एसी पंधरा मिनिटं चालवून पाहा. एक थर्मामीटर जवळ ठेवा. जाळी काढून बघा, ती काढता येते. छताला एसीभोवती पिवळे डाग असतील तर पावसात पाणी येतं असं समजा. मुक्काम ठरवताना प्लग ३०चा की ५०चा हे विचारा. आणि क्वार्टझ्साइट पाहायचंच असेल तर जानेवारीत जा, गर्दीचा त्रास सोसून. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, केरळनंही त्याच वर्षी केलं. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि कोकणच्या पावसात या गाड्या वापरायच्या तर फोमच्या गादीची गोष्ट इथल्या मालकांनीही ध्यानात ठेवावी.

जुलैच्या मध्याला मी मुंबईहून मावशीला फोन केला, तेव्हा तिनं सांगितलं की ती दर रविवारी सकाळी बाईंना फोन करते. त्या क्वार्टझ्साइटलाच होत्या. बाहेर ४६, आत ३१. कुत्रा फरशीवर पसरलेला. आठवड्यापूर्वीच्या वादळात चार तास वीज गेली, तेव्हा गावातलाच एक कॅनेडियन त्यांना कुत्र्यासकट आपल्या गाडीत बसवून घेऊन गेला. फ्रिजवरच्या कागदावर दुसऱ्या क्रमांकाला त्याचंच नाव होतं. टायरसाठी त्या दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकताहेत. सहापैकी दोन झालेत.